स्टेशन चालत पाच मिनिटे

लोधिवलीला पूर्वी दोनच कारणांसाठी माणसे उतरत. पाताळगंगेच्या कारखान्यात पाळी असेल तर, नाही तर अंबानी रुग्णालयात कोणी ॲडमिट असेल तर. आता तिसरे कारण निघाले आहे, घर बघणे. शनिवार-रविवार आला की जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या गाड्या थांबतात, काच खाली होते आणि आतल्या गार हवेबरोबर प्रश्न बाहेर येतो, "काका, इथे जवळपास चांगली सोय आहे का हो?" सोय म्हणजे मुतारी की बंगला, हे विचारणाऱ्याच्या तोंडावरून ओळखायचे. मुतारीवाला घाईत असतो. बंगलेवाला इरशाळगडाकडे बघत असतो.

शेडुंग सोडले की खोपोलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांचे फलक लागतात. या फलकांवर अंतर किलोमीटरमध्ये कधीच नसते, मिनिटांत असते. विमानतळ 20 मिनिटे, अटल सेतू 25 मिनिटे, मुंबई फक्त 60 मिनिटे. यात धंद्याचे शहाणपण आहे. किलोमीटर कोणीही मोजू शकतो, मिनिटे मात्र ज्याची त्याची. ही मिनिटे मोजणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण त्याच्याबद्दल काही अंदाज बांधून आहे. तो पहाटे तीनला निघतो, त्याला लघवी लागत नाही आणि त्याचा मेहुणा वाहतूक पोलिसात आहे.

माझे सर्वांत लाडके वाक्य मात्र वेगळे आहे: 'स्टेशन चालत पाच मिनिटे.'

स्टेशन म्हणजे चौक. तेथून पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आखला गेला. साडेएकोणतीस किलोमीटरच्या या मार्गावर पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत अशी पाच स्थानके, आणि वावर्ल्याला डोंगराच्या पोटातून 2,625 मीटरचा बोगदा. काम मोठे, त्यात शंका नाही. लोकल यायची तेव्हा येते, पण तिचा भाव कधीच येऊन बसला. बोगदा अर्धा खणून व्हायच्या आत चौक परिसरातल्या गुंठ्याने पनवेल गाठले होते. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. एवढ्याशा जागेत पूर्वी आमच्याकडे फक्त म्हशीची वर्दळ असायची.

आता 'चालत'. लोधिवलीत चालता येते का? येते. गावात राहणाऱ्याला किराणा, गिरणी, केस कापायचे दुकान, मारुती, वडापाव सगळे चपलेच्या टप्प्यात आहे. पण मधे हायवे आहे. न्हावाशेव्याहून सुटलेला कंटेनर आणि पुण्याला लग्नासाठी निघालेली मोटार यांच्यामधून पलीकडच्या बाजूला दूध आणायला जायचे, तर घरातल्यांचा निरोप घेऊन निघावे लागते. जुने लोक दुभाजकावर टेकतात, तंबाखू मळतात, दुसरी बाजू मोकळी होईपर्यंत पिकाची चौकशी करतात. काही सोयरिकी तिथे जमल्या असाव्यात. तेव्हा आमच्याकडे चालण्याचे गणित अंतरावर बसत नाही, तुम्ही रस्त्याच्या कुठल्या अंगाला जन्मलात यावर बसते.

नव्या प्रकल्पांनी यावर तोड काढली आहे. हायवेवर कमान, कमानीपासून आत दोन-तीन किलोमीटर खडी, मग फाटक, फाटकावर सलाम ठोकणारा गुरखा, आणि आत जॉगिंग ट्रॅक. म्हणजे चालता येते, फक्त कुठे पोचता येत नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मोटार काढणारी माणसे संध्याकाळी पट्टा लावलेल्या कुत्र्याबरोबर त्या ट्रॅकवर गोल गोल फिरताना दिसतात. कुत्र्याच्या चेहऱ्यावर मला नेहमी प्रश्न दिसतो.

हे सगळे माझ्या डोक्यात यायला कारण झाला माझा पुतण्या. तो न्यू जर्सीत असतो. तिथे मेटाचन नावाचे टुमदार गाव आहे, चहूबाजूंनी एडिसनने वेढलेले. एडिसनमध्ये आपली माणसे एवढी की गणपतीत मोदकांना तोटा नाही. त्याने एडिसन सोडून मुद्दाम मेटाचनला घर घेतले, तेही 1954 सालचे. लाकडी, बसके, उतरत्या छपराचे. मागितल्यापेक्षा जास्त पैसे मोजून. का, तर तिथून स्टेशन चालत, वाचनालय चालत, बेकरी चालत. "काका, इथे प्रत्येक पत्त्याला चालण्याचे मार्क असतात, शंभरपैकी. आमच्या घराला चांगले आहेत म्हणून भाव जास्त." सिएटलच्या एका कंपनीने 2007 पासून हे मार्क द्यायला सुरुवात केली म्हणे. आमच्या सौभाग्यवती मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढे पैसे भरून भाजी आणायला पायी जायचं? त्याला म्हणावं, मला बोलाव, मी फुकट जाते."

पण पोराचे अगदीच चुकले नव्हते. दुसरे महायुद्ध संपले, पलटणीतून परतलेल्यांना घरे हवी होती, तेव्हा लेव्हिट नावाच्या बिल्डरने 1947 पासून न्यूयॉर्कबाहेर बटाट्याच्या शेतात एकसारखी 17 हजारांहून जास्त घरे उभी केली. 1949 चे मॉडेल 7,990 डॉलरला. हा नमुना देशभर पसरला: घर मोठे, अंगण मोठे, दुकान लांब आणि दारात मोटार. बटाट्याचे शेत, एन. ए. केलेली जमीन, एकसारखे बंगले, शहर अमुक मिनिटांवर. ओळखीचे वाटते ना? पुढे दोन पिढ्या मोटारीत बसून कंबर धरल्यावर नातवंडे आता चालता येणाऱ्या जुन्या घरासाठी जादा पैसे मोजतात. त्या हिशेबाने आमचा खालापूर तालुका सध्या 1947 सालात आहे. स्वातंत्र्याच्या नव्हे, लेव्हिटच्या.

तर पुतण्याचा फोन आला. "काका, तुमच्याकडे असंच काही बघा. जुनं घर, पन्नास-साठ सालातलं. सगळं चालत पाहिजे. म्हातारपणी येऊन राहीन."

त्याला आधी एजंटाने गाठले. एजंट त्याला फार्महाऊस दाखवत होता. परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, हा परकीय चलनाचा कायदा. महाराष्ट्रात तर 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीनच घेता येत नाही, मग तो अमेरिकेत राहो की अंधेरीत. हे मी एजंटाला सांगितले. तो म्हणाला, "काका, ते बघून घेऊ." आमच्या तालुक्यात 'बघून घेऊ' म्हणणाऱ्या माणसाने बघून घेतलेल्या जमिनींवर आज दिवाणी दावे डोलत आहेत.

शंभर मार्कांचे गाव रायगडात एकच, माथेरान. मोटारीला बंदी, 1907 पासून झुकझुक गाडी, बाकी बहुतेक पायी. पण तिथले बंगल्याचे प्लॉट सरकारी भाडेपट्ट्याचे, गॅसचा सिलिंडर घोड्यावरून येतो आणि घरात वहिवाट माकडांची. कर्जतही चालायचे गाव. स्टेशनातून बाहेर पडले की बाजार, बाजारातून उतरले की उल्हास नदी, आणि जुनी कौलारू घरे अजून आहेत. मात्र ती घरे जो तो पुनर्विकासाला देऊन बसला आहे.

खरे सांगायचे तर पुतण्याला हवे तसे गाव आमच्या शेजारीच वसवलेले होते, सरकारने. रसायनीची हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सची वसाहत. कंपनी 1960 ची. वसाहतीत झाडांचे रस्ते, शाळा, दवाखाना, बाजार, सगळे चालत. भोंगा झाला की माणसे पायी आणि सायकलवर कामावर. मेटाचनपेक्षा काय वेगळे होते? पण ती क्वार्टर्स होती, ती विकत मिळत नसत. आणि 2017 मध्ये केंद्राने रसायनीचा कारखाना गुंडाळायचे ठरवले, जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमकडे गेला. चालता येईल असे गाव आम्ही एकदा बांधून, वापरून, मोडीतही काढले आहे.

राहता राहिले गावठाण. तिथे शेतकरी असण्याची अट नाही. चौकाच्या अलीकडे एक घर निघाले. तुळईवर शके 1884 कोरलेले, म्हणजे 1962. घरधनी आबांचे वडील सावकाराच्या जमिनीवर कूळ होते. 1 एप्रिल 1957 ला कायद्याने कुळे मालक झाली, पुढच्या पाच वर्षांत भाताच्या पैशांवर हे घर उभे राहिले. दगडी जोते, सागाचे खांब, मंगलोरी कौले, ओटी, माजघर, वर पोटमाळा, मागे पडवी आणि परसात फणस. दारातून दुकान, शाळा, देऊळ, एसटीचा थांबा सगळे चालत. हायवे मधे नाही. शंभरपैकी नव्वद मार्क मी तिथेच उभ्याउभ्या दिले, दहा कापले ते वाटेवरच्या कुत्र्यांचे.

मेटाचनला घर दाखवायचे असले की मालक घराबाहेर निघून जातो म्हणे, गिऱ्हाईकाला मोकळेपणा मिळावा म्हणून. इथे आम्ही गेलो तेव्हा आबा, त्यांचे दोन भाऊ, भावजया, नातवंडे आणि एक शेजारी असे सगळे ओटीवर जमले होते. शेजाऱ्याचा घराशी काही संबंध नव्हता, पण बोलत तोच होता. आम्ही घर बघण्याआधी त्यांनी आम्हाला बघितले. गाव कोणतं? म्हणजे मूळ गाव? आडनाव तेच का? घरात खाणंपिणं कसलं? लेव्हिटच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कोणाला घरात राहू द्यायचे नाही असे कलमच होते. तिकडे ते छापून घेत, इकडे चहाबरोबर विचारतात.

मग पुतण्याला व्हिडिओवर घेतले. आबांनी उत्साहाने दाखवायला सुरुवात केली ती बाथरूमच्या गुलाबी फरशीपासून. माजघराला पीओपीचे छत, त्यात निळे दिवे. ओटीला स्टीलचे ग्रिल. पुतण्याचा चेहरा फोनमध्ये आंबत चालला.

"आबा, मूळचं काय राहिलंय?"

"काय नाय राहिलं, सगळं बदलून घेतलं." आबांना हा प्रश्न कौतुकाचा वाटला. "खांब तेवढं राहिलं हायत. पण तुमी काळजी करू नका, खांब काढून पिलर घालून देतो."

"नको नको, मला खांबच हवेत. आणि कौलंसुद्धा. पत्रा घालू नका."

आबांनी फोनवर तळहात ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "पोराचा तिकडं पगार बरा हाय ना?"

पुतण्याने तिथले घर घेताना परवानाधारक तपासनीस नेमला होता. तो शिडी लावून छपरावर चढला, तळघरात विजेरी घेऊन शिरला, जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो का तेही मोजून गेला, आणि जाडजूड अहवाल दिला. आमच्याकडची तपासणी मी केली. बोटाच्या पेराने खांब वाजवला, तोंड गंभीर केले आणि विचारले, "वाळवी?" आबा म्हणाले, "लागली होती. गेली." कुठे गेली ते विचारायची पद्धत नाही. पाऊस म्हणाल, तर रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि कौलारू घरात तो थोडा पाहुणा म्हणून आत येतोच. दर मे महिन्यात कौले चाळावी लागतात. कौले चाळणारा माणूस कुठे मिळेल, या प्रश्नावर ओटीवर प्रथमच शांतता पसरली. शेवटी शेजारी म्हणाला, "होता एक. त्याचा पोरगा आता हायवेच्या कमानीवर गुरखा हाय."

पावसाचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. फलकावर 'डोंगराच्या कुशीत' असे शब्द दिसले की मला विनोद सुचत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इरशाळगडाखालच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. डोंगराच्या कुशीत खरोखर राहणारी ती माणसे होती, आणि त्यांनी ती जागा ब्रोशर बघून निवडलेली नव्हती. दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचे नावही नव्हते. इरशाळगड दिसावा म्हणून गुंठ्याला जादा भाव मागणाऱ्या एजंटाला हे एकदा ऐकवून बघा. तो विषय बदलून क्लबहाऊसवर जातो.

कागदपत्रांकडे वळलो. शहरातला माणूस पहिल्यांदा सातबारा मागतो. गावठाणातल्या घराला सातबारा कुठला? ग्रामपंचायतीचा नमुना आठ, त्यावर घरपट्टी, आणि मालक म्हणून आबांच्या आजोबांचे नाव, जे घर बांधायच्या आधीच वारले होते. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांवरून ड्रोन फिरले आणि घरांच्या हद्दी आखून मालमत्ता पत्रके निघू लागली. आबांच्या घराचीही हद्द आखली गेली. भावांची आखायची राहिली. तिघे भाऊ, चौघी बहिणी. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हिस्सा, तेव्हा सह्या सात. सहा जण तयार होते. कल्याणची धाकटी बहीण सही द्यायला राजी नव्हती. तिला पैसे नको होते, फणस हवा होता. तिचे म्हणणे, बापाने फणस माझ्या बारशाला लावला. आबांचे म्हणणे, फणस आधीचा, बारसे नंतरचे. तो वाद ड्रोनला दिसत नाही.

तरी जमत आले असते. पण पुतण्याने फोनवर, आवाज मोठा असताना, मोठ्या मनाने सांगून टाकले, "आबा, तुम्हाला कल्पना नाही तुमच्याकडे काय आहे. आमच्याकडे असल्या घरांना नव्यापेक्षा जास्त मागणी असते. जितकं मूळचं, तितका भाव जास्त." आबांचा नातू कोपऱ्यात मोबाईलवर खेळत होता, त्याने खेळ थांबवला. दुसऱ्या दिवशी किंमत वाढली. खांबांचे वेगळे, मंगलोरी कौलांचे वेगळे, तुळईवरच्या शकाचेही काही तरी. पोटमाळ्यावर टाकलेले जुने दरवाजे खाली आले. ज्या पीओपीचे आधी जादा मागत होते, ते काढून द्यायचे आता जादा मागू लागले.

आबांना मी विचारले, एवढा पैसा आला तर करणार काय? ते ताडकन म्हणाले, "पनवेलला फ्लॅट. लिफ्टचा. बाराव्या मजल्यावर. खाली उतरायलाच नको." गुडघ्यांचे दुखणे ऐकल्यावर मला हसता आले नाही. चौसष्ट वर्षांच्या जोत्याच्या चार पायऱ्या रोज चढणाऱ्याला घराचे वय आणि आपले वय वेगळे काढता येत नाही. शिवाय त्यांनी मला उलट विचारले, "तुमी ऱ्हाल का ह्या घरात?" मी कौलांकडे बघितले, मे महिना आठवला, आणि चहा गार होतोय असे म्हणालो.

घर अजून आहे, विकायचेही आहे. धाकट्या बहिणीची सही आणि फणसाचा निकाल तेवढा बाकी. पुतण्या रविवारी फोन करतो. तोवर तो मेटाचनच्या फुटपाथवरून न्यूयॉर्कच्या गाडीला चालत जातो.

तुम्ही आमच्याकडे घर बघायला येणार असाल तर खुशाल या. हिवाळ्यात येऊ नका, तेव्हा सगळेच चांगले दिसते. जुलैत या, छत्री आणा आणि रविवार टाळा. सातबारा असो की नमुना आठ, त्यावर कोणाचे नाव आहे हे बघण्याआधी कोणाचे नाव नाही हे विचारा, आणि भावंडांपैकी कोण कोणाशी बोलत नाही हेही. मग गाडी फाट्यावर लावा आणि एजंटाला म्हणा, चला, आता स्टेशन चालत दाखवा. तो गाडीची किल्ली शोधू लागला, तर टोकन देऊ नका.